एक तृतीयांश मूठ

सोहारमध्ये जूनपासून
दुपारी साडेबारा ते साडेतीन
उन्हात कामाला बंदी असते.
त्या तीन तासांत मुबीन हुर्झुक आमच्याकडे येतो,
बुटांवर बंदरातली लोखंडी भुकटी,
इलेक्ट्रोड चिकटावेत म्हणून
छातीवरचा घाम स्वतःच पुसून.
गाव हर्णै. काम साखळ्या ओढायचं.

आधी एकदा जीव खाऊन दाबा, मी म्हणते.
काटा बासष्ट किलोवर.
आता याच्या एक तृतीयांश. दोन मिनिटं.
"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणतो,
"तिचा तिसरा हिस्सा म्हणजे, ताई,
एकेचाळीस हजार सहाशे, वर सुटे."
हिशेब तोंडपाठ.
पगाराचाही तिसरा हिस्साच त्याच्यापाशी राहतो.

आवळा.

मूठ मिटते न मिटते
तोच कागदावर पुढचा ठोका
लवकर येऊन पडतो.
रक्ताला अजून काही कळलेलं नाही,
स्नायू दमलेला नाही,
तरी हृदयाचा लगाम
कुणीतरी सैल सोडलाय.
अकरा वर्षं मी हा एक ठोका बघते आहे.

मेंदूनं, डॉक्टर रय्या म्हणतात,
आवळायचं ठरवलं तेव्हाच.
आणि मला मुबीनचा पाय धरायला सांगतात.
तो उताणा, छताकडे बघत,
त्याला काहीच ठरवायचं नाही.
मी पोटरी धरून गुडघा वाकवते, सरळ करते, वाकवते,
पाय भिजल्या दोरखंडासारखा जड.
आणि ठोके चढतात.
चार-पाचच, घडीभर.
मग हे कुणी सांगितलं?
पायानं. ताणलेल्या मांसानं.
"मी काही केलं नाही हां," मुबीन घाबरून म्हणतो.

गळ्याशी, जिथं बोट ठेवून नाडी बघतात,
तिथं एक राखणदार असतो.
दाब वाढला की हृदयाला दटावतो, सावकाश.
शिकत होते तेव्हा वाटायचं
कामाच्या वेळी तो डोळा लावत असेल.
नाही. जागाच असतो.
फक्त त्याला नवा आकडा कळवलेला असतो,
वरून मेंदूनं, खालून स्नायूंनी,
आणि त्या आकड्याची तो
तितक्याच इमानानं राखण करतो.

आता पुन्हा मूठ. एक मिनिट पन्नास.
साखळ्या ओढणारा हात थरथरतोय.
मी दंडावरचा पट्टा फुगवते,
धमनी बंद होईपर्यंत, गच्च.
सोडा.

मूठ उघडते.
पण दोन मिनिटांत जे साचलं
ते पट्ट्याखाली कोंडलेलं,
आंबट, जळजळतं, वाट नसलेलं.
बघ, मी नव्या मुलीला, शमसाला, खुणावते,
आता दोन रेघा एकमेकींना सोडतील.
नाडी उतरते, नव्वद, ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर.
हृदय घरी गेलं, चपला काढल्या.
दाब मात्र तिथंच,
दीडशेच्या वर, ढिम्म.

"कसं वाटतंय?"
तो हाताकडे बघतो,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
"सुट्टी झाली," म्हणतो,
"पण याला कुणी सांगितलंच नाही."

पट्टा सुटतो, फुस्स.
तळवा लाल होतो, मुंग्या येतात,
दाबाची रेघ एकदाची खाली बसते.
तीन वाजून दहा. तो सही करतो,
कागदाची पट्टी मागतो.
"तो आधीचा ठोका कुठला?"
मी नख टेकवते.
तो मोबाईल काढून फोटो घेतो,
तिकडे पाठवतो, काय लिहितो ते दिसत नाही.
खाली बसचा हॉर्न.

जाताना तो दाराची मूठ धरायला हात पुढे करतो.
तारा सगळ्या काढलेल्या,
पडदा काळा,
आणि मी उगाचच मान वळवून
पडद्याकडे बघते.